बामियान ते लालपेठ : मूर्तीचे शेजारी

मार्च २००१ मध्ये आम्ही चंद्रपूरच्या एका उर्दू शाळेत पाचवीत शिकत होतो. एका सकाळी केस कापायला गेलो, तर न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर धुराचा मोठा लोट दिसत होता. डोंगराच्या कड्यातून माती उडत होती. बातमी अफगाणिस्तानातली होती. खुर्चीत बसलेल्या एका ओळखीच्या काकांनी आरशातूनच आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काय रे, तुमच्या लोकांनी बुद्धाची मूर्ती फोडली म्हणते?" काका काही वाईट माणूस नव्हते. आमच्या शहरात बुद्धाची मूर्ती ही लांबची गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली ती याच चंद्रपुरात. काकांच्या घरातली आधीची पिढी त्या दिवशी मैदानात होती. त्यांना दुखले होते आणि समोर आम्ही होतो. आम्हाला उत्तर सुचले नाही. घरी येऊन अब्बांना सांगितले. ते म्हणाले, "बोल देना था, हम चांदा के हैं."

अब्बांच्या या उत्तराचा अर्थ कळायला आम्हाला वीसेक वर्षे लागली. तो कळला दोन माहितीपट पाहताना आणि एक माहितीपट बनवताना. त्या तिन्हींविषयी हा लेख आहे.

निमित्त असे झाले की, शाळेतल्या नववीच्या मुलामुलींनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी लालपेठच्या मूर्तींवर मोबाइलवर एक छोटा माहितीपट काढायचे ठरवले. बी.एड.ला आम्ही दृक्श्राव्य साधनांवर पाने भरभरून लिहिली होती. प्रत्यक्षात माहितीपट कसा काढतात याची आम्हाला काडीचीही कल्पना नव्हती. तेव्हा एखाद्या प्रचंड मूर्तीवर जगात इतरांनी कसे माहितीपट काढले ते आधी पाहावे, असे ठरले. शोधता शोधता जे दोन सापडले ते दोन्ही बामियानचे निघाले. पहिला स्विस दिग्दर्शक क्रिस्टियन फ्राय यांचा 'द जायंट बुद्धाज' (२००५). दुसरा ब्रिटिश दिग्दर्शक फिल ग्रॅब्स्की यांचा 'द बॉय हू प्लेज ऑन द बुद्धाज ऑफ बामियान' (२००४). मूर्ती त्याच, दरी तीच, काळही जवळजवळ तोच. पण एकाचा कॅमेरा मूर्तीकडे पाहतो आणि दुसऱ्याचा एका मुलाकडे. समीक्षेला याहून सोयीची जोडी मिळणार नाही.

फ्राय यांचा माहितीपट दीड तासाचा आहे. त्यात ते अनेक धागे एकत्र विणतात. सातव्या शतकात बामियानला आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग हा एक धागा. देश सोडून कॅनडात गेलेली अफगाण पत्रकार नेलोफर पझीरा हा दुसरा. तिच्या वडिलांनी पूर्वी या मूर्ती पाहिल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ झमरयालाई तर्झी हा तिसरा. ह्युएन त्संगाने लिहून ठेवलेला एक हजार फुटी निद्रिस्त बुद्ध आजही जमिनीखाली असेल, या आशेने ते खणत राहतात. अल जझीराचा वार्ताहर तैसीर अलूनी हा चौथा. स्फोटाची दृश्ये त्याने टिपली होती. आणि पाचवा सय्यद मिर्झा हुसेन, मूर्तीच्या बाजूच्या गुहेत राहणारा एक हजारा माणूस.

मांडणी देखणी आहे. कड्यातले ते दोन रिकामे कोनाडे फ्राय यांनी अनेक वेळा, निरनिराळ्या उजेडात दाखवले आहेत. एक मूर्ती ५५ मीटर उंच होती, दुसरी ३८ मीटर. आता तिथे फक्त पोकळी आहे. नसलेली वस्तू पडद्यावर दाखवणे हे माहितीपटातले सर्वांत अवघड काम. फ्राय यांना ते साधले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. चीनमध्ये पर्यटकांसाठी उभारलेली बामियानच्या बुद्धाची नक्कल दाखवून त्यांनी एक बोचरा प्रश्नही विचारला आहे. मूर्ती पुन्हा तेवढीच उंच बांधली म्हणजे ती परत आली का?

आमची तक्रार वेगळी आहे. या माहितीपटात मूर्तीच्या आयुष्यातले दोन प्रसंग मोठे होतात, ती भरात असतानाचा आणि ती फुटल्याचा. ह्युएन त्संग येतो आणि पाहून जातो. मग तालिबान येतात आणि फोडतात. या दोन प्रसंगांच्या मध्ये तेराशे वर्षांहून अधिक काळ गेला. त्यातली हजाराहून जास्त वर्षे त्या दरीत मुसलमान राहत होते. मूर्तींच्या पायाशी त्यांची शेते होती, गुहांत त्यांची बिऱ्हाडे होती. त्या हजार वर्षांना माहितीपटात मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. मधली वर्षे गाळली की मुसलमान फक्त शेवटच्या दृश्यात येतो, हातात सुरुंग घेऊन. न्हाव्याच्या दुकानातल्या काकांनी टीव्हीवर जे पाहिले तेही शेवटचेच दृश्य होते.

मधल्या वर्षांत काय होते? दरीतले लोक थोरल्या मूर्तीला सलसाल आणि धाकटीला शाहमामा म्हणत. एक पुरुष, एक स्त्री, दोघे आशिक-माशूक, अशी लोककथा होती. जुन्या फारसीत हेच दोघे सुर्ख-बुत आणि खिंग-बुत म्हणून ओळखले जात, म्हणजे तांबडा बुत आणि करडा बुत. या दोघांच्या प्रेमकथेवर मसनवी लिहिणारा कवी उन्सुरी हा सुलतान महमूद गझनवीच्या दरबारचा मुख्य शायर होता! ज्या महमूदाला आपण शाळेच्या पुस्तकापासून 'बुतशिकन' म्हणून ओळखतो त्याच्या दरबारचा शायर दोन बुतांवर इश्काची कथा लिहितो. ती मसनवी आज हाती नाही. त्याच काळातल्या अल-बिरूनीनेही बामियानच्या दोन बुतांची कथा अरबीत आणल्याची नोंद आहे. आम्ही उर्दू शिकवतो. उन्सुरीचे नाव आम्हाला ठाऊक होते, पण हा तपशील ठाऊक नव्हता. आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो नव्हता.

हा शेजार नेहमी गोडच होता, असा दावा आम्ही करणार नाही. नवव्या शतकात याकूब बिन लैसने बामियानचे देवस्थान लुटले. मूर्तींचे चेहरे २००१ च्या कितीतरी आधीच नाहीसे झालेले होते. शेजार म्हटला की भांडणे आलीच. पण भांडत का होईना, एकत्र काढलेली हजार वर्षे आणि एका हुकमाने आलेला मार्च महिना यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तो हुकूम निघाला तेव्हा इस्लामी देशांच्या संघटनेचे शिष्टमंडळ विनवणी करायला कंदाहारला गेले होते. त्यात युसूफ अल-करदावी यांच्यासारखे आलिम होते. इजिप्त जिंकणाऱ्या सहाबांनी अबुल हौल पाडला नाही, हा दाखला तेव्हा अनेकांनी दिला. तालिबानने ऐकले नाही. मात्र सांगणारे मुसलमानच होते, हेही त्या धुराच्या लोटात दिसेनासे झाले.

आणखी एक गोष्ट. मूर्ती फुटण्याच्या दोन महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये, बामियान प्रांतातल्याच यकावलंग येथे तालिबानने हजारा लोकांची कत्तल केली होती. मेलेले शिया मुसलमान होते, मूर्तींचे शेजारी होते. मूर्तीसाठी जग जेवढे हळहळले तेवढे त्यांच्यासाठी हळहळले नाही. इराणी दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ यांनी त्याच वर्षी एक दीर्घ निबंध लिहिला. बामियानचा बुद्ध कुणी पाडला नाही, तो शरमेने कोसळला, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. उपाशी मरणाऱ्या अफगाण माणसाकडे जगाने पाठ फिरवली याची ती शरम. पुढे त्यांची मुलगी हाना हिने २००७ मध्ये त्याच नावाचा कथापट काढला. मूर्तीवरच्या माहितीपटाने मूर्तीच्या पायाशी राहणाऱ्या माणसाचा हिशेब द्यायलाच हवा, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. फ्राय यांनी सय्यद मिर्झा हुसेनला बोलते केले, ही त्यांच्या माहितीपटातली सर्वांत मोलाची गोष्ट. पण तो प्रामुख्याने साक्षीदार म्हणून बोलतो, कसे फोडले ते सांगतो. फुटायच्या आधी तुमचे त्या मूर्तीशी काय नाते होते, हा प्रश्न त्याच्याकडून आम्हाला अधिक ऐकायचा होता.

ग्रॅब्स्की यांनी नेमका उलटा रस्ता धरला. त्यांच्या माहितीपटाचा नायक मीर हा सुमारे आठ वर्षांचा मुलगा आहे. युद्धामुळे घरदार सोडून आलेले त्याचे कुटुंब मूर्तीच्या कड्यातल्या एका गुहेत राहते. ग्रॅब्स्की वर्षभराचे ऋतू त्यांच्यासोबत घालवतात. पाणी आणणे, सरपण, थंडी, वडीलधाऱ्यांची भांडणे आणि या सगळ्यात मीरचे हसणे. फुटलेल्या बुद्धाच्या ढिगाऱ्यावर तो खेळतो. त्याच्या लेखी तो जागतिक वारसा नाही, अंगण आहे. हे पाहताना आमची मुले पहिल्यांदाच खळखळून हसली. 'द जायंट बुद्धाज' त्यांनी गप्प बसून पाहिला होता.

पण इथेही उणीव आहे. मीर बाहेरून आलेला आहे. फुटण्याआधीची मूर्ती त्याच्या आठवणीत नाही. शिवाय मुलगा इतका गोड आहे की, त्याच्या हसण्यावर माहितीपट जरा जास्तच विसंबतो. ग्रॅब्स्की यांनी पुढे मीरची साथ सोडली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये त्यांनी मीरच्या वाढत्या आयुष्यावर माहितीपट काढले, शेवटचा शोएब शरीफी यांच्यासोबत. तरी पहिल्या माहितीपटापुरते बोलायचे तर फ्राय यांच्याकडे काळ आहे पण शेजारी कमी आहे. ग्रॅब्स्की यांच्याकडे शेजारी आहे पण काळ कमी आहे. दोन्ही एकत्र हवेत.

असो. आता आमच्या लालपेठकडे वळू.

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाबाहेर, कोळसा खाणींच्या लालपेठ भागात, उघड्यावर प्रचंड मोठ्या एकाश्म मूर्ती जमिनीवर पडलेल्या आहेत. आकाशाकडे तोंड करून पडलेली दशमुखी दुर्गा त्यांतली सर्वांत मोठी, सुमारे पंचवीस फूट लांब. आसपास गणपती, भैरव, नंदी, शिवलिंग अशा इतर मूर्ती आहेत. गोंड राजांच्या काळात रायप्पा नावाच्या एका वैश्य व्यापाऱ्याने मोठे शिवमंदिर बांधायचे मनावर घेतले, मूर्ती घडवल्या आणि मंदिर उभे राहण्याआधीच तो वारला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. म्हणून या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिची गणना होते. बामियानच्या मूर्ती उभ्या होत्या आणि पाडल्या गेल्या. लालपेठच्या कधी उभ्याच राहिल्या नाहीत.

आमच्या माहितीपटाची पहिली संहिता आम्हीच लिहिली आणि ती अगदी वाईट होती. भव्य, अजोड, अद्वितीय असे शब्द एकामागून एक रचले होते. मुलांनी त्याखाली कुठलेसे गंभीर संगीत घातले. पाहिल्यावर सगळ्यांनाच कळले की, यात जीव नाही.

चित्रीकरणातही अडचणी आल्या. पडलेली मूर्ती चौकटीत मावत नाही. उभ्या मूर्तीसमोरून मागे मागे जाता येते. पडलेलीसाठी वर जावे लागते. मोठी तिपाई वगैरे लावायची तर खात्याची परवानगी हवी, मूर्तीवर चढणे तर योग्यच नव्हे. शेवटी एका मुलाने लांब काठीला मोबाइल बांधला. तरी भर दुपारी काढलेल्या चित्रात मूर्ती सपाट फरशीसारखी दिसत होती. मुलांनी पुन्हा सकाळी लवकर जाऊन पाहिले. तिरप्या उन्हात प्रत्येक तोंडाची, प्रत्येक हाताची सावली वेगळी झाली आणि दगड एकदम उठून दिसला. आकार कळावा म्हणून एक मुलगी मूर्तीच्या कडेने, डोक्यापासून पायापर्यंत, मोठ्याने पावले मोजत चालली. दहा पावले झाली. आमच्या 'भव्य' या शब्दाची गरज संपली.

मग आला आवाजाचा प्रश्न. बोलणे सुरू केले की कोळशाचे ट्रक जात. मुलांना तो आवाज काढून टाकायचा होता. आम्हाला ग्रॅब्स्की यांचा माहितीपट आठवला. त्यात त्या घरातली कटकट ठेवली आहे म्हणून ते घर खरे वाटते. लालपेठची मूर्ती खाणींच्या शेजारी आहे, तर ट्रकचा आवाज हा तिच्या शेजाऱ्याचा आवाज. तो ठेवला.

अडचणी तांत्रिकच होत्या असे नाही. एका मुलीच्या घरून निरोप आला, "बुतांचं शूटिंग कशाला? तालीम द्यायची सोडून हे काय?" दुसरीकडे, पहिल्याच दिवशी मूर्तीजवळ टोप्या आणि हिजाब पाहून रस्त्यावरचा एक तरुण थांबला आणि जरा चढ्या आवाजात विचारू लागला, "तुम्ही इथं कशाला?" दोन्ही प्रश्न एकच होते. तुमचा या दगडाशी काय संबंध? मुलीच्या वडिलांना आम्ही जाऊन भेटलो. इबादत वेगळी आणि मालुमात वेगळी, एवढेच सांगितले. अबुल हौलचा दाखला दिला. ते लगेच पटले असे नाही. पण मुलीला त्यांनी पाठवले. त्या तरुणाला मात्र आम्हाला उत्तर द्यावे लागले नाही. जवळच्या घरासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते दिले. "येऊ दे ना बापा, शाळेचे पोरं आहेत," ते म्हणाले. आमच्या माहितीपटाला खरी सुरुवात त्या वाक्याने झाली.

ते खाणीतून निवृत्त झालेले कामगार होते. मुलांनी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि दशमुखी दुर्गेविषयी विचारले. ते म्हणाले, "दुर्गा हे मोठे लोक म्हणतात. आमी तं याले रावणच म्हणत आलो. दहा तोंडं हायेत नं." मग त्यांनी सांगितले की कुंपण नव्हते तेव्हा ते आणि त्यांचे मित्र रावणाच्या पोटावर बसून बोरे खात. त्या मित्रांत एक पठाणपुऱ्याकडचा मुसलमान मुलगा होता, पुढे तोही खाणीतच लागला. थंडीत सकाळी दगड गार असायचा आणि संध्याकाळी उबदार. पाळी संपवून येताना ते दोघे त्याला पाठ टेकून बसत. "दगड लय वेळ गरम रायते," ते म्हणाले आणि थांबले. ते थांबणे मुलांनी कापले नाही.

दुर्गेचा रावण करणे ही चूक आहे, असे मूर्तिशास्त्राचा अभ्यासक म्हणेल. खरेच आहे. पण सलसाल आणि शाहमामा म्हणणेही चूकच होते. बुद्धाला आशिक म्हणणाऱ्या हजारा शेतकऱ्याने आणि दुर्गेला रावण म्हणणाऱ्या लालपेठच्या पोरांनी एकच गोष्ट केली. जे प्रचंड होते आणि अनोळखी होते, त्याला आपल्या गोष्टीतले नाव देऊन घरचे करून घेतले. माहितीपटात आम्ही दोन्ही नावे ठेवली. आधी अभ्यासकांचे, मग शेजाऱ्याचे.

यावरून संरक्षणाविषयीही थोडे लिहायला हवे. बामियान २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गुहांतल्या अनेक कुटुंबांना तिथून हलवण्यात आले. लालपेठलाही कुंपण आहे. ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. कुंपण नसते तर कदाचित मूर्तीवर घरे झाली असती. पण वस्तू वाचवताना तिच्यासोबत राहिलेल्यांच्या आठवणी कोणी वाचवायच्या? पुरातत्त्व खात्याच्या फलकावर बोरे खाणाऱ्या दोन पोरांना जागा नसते. ते काम माहितीपटाचे आहे. १९५३ मध्ये आलाँ रेने आणि ख्रिस मार्कर यांनी गिस्लाँ क्लोके यांच्यासोबत आफ्रिकी शिल्पांवर एक अर्ध्या तासाचा माहितीपट काढला होता. वसाहतवादावरच्या टीकेमुळे फ्रान्समध्ये त्यावर कित्येक वर्षे बंदी होती. मूर्तीसुद्धा मरतात, असे त्याचे नाव. मूर्तीवरची जिवंत नजर हटली की ती मरते, हा त्यातला विचार. त्या हिशेबाने बामियानच्या मूर्ती सुरुंगाने फुटल्या, आणि ज्यांची नजर त्यांच्यावर होती त्यांना कत्तलीने आणि स्थलांतराने पांगवले. लालपेठच्या मूर्ती अजून जिवंत आहेत, कारण त्यांना रावण म्हणणारा माणूस अजून घरासमोर बसलेला आहे.

आमचा माहितीपट चौदा मिनिटांचा झाला. तो फार चांगला आहे असे नाही. चित्र हलते, एका ठिकाणी वाऱ्यामुळे बोलणे ऐकू येत नाही आणि सुरुवातीची आमची दोन 'भव्य' वाक्ये मुलांच्या आदरापोटी तशीच राहून गेली आहेत. पण न्हाव्याच्या दुकानात सुचले नव्हते ते उत्तर त्यात आहे. अब्बा म्हणाले होते, आपण चांद्याचे आहोत. त्याचा अर्थ एवढाच होता की, एखाद्या मूर्तीशी आपले नाते काय हे दूरच्या कुणाच्या हुकमावरून ठरत नाही. ज्या गावात ती आहे त्या गावात आपण कसे राहिलो त्यावरून ठरते. माणसाला वाद घालून हे पटवता येत नाही. चौदा मिनिटे दाखवता मात्र येते.

ह्युएन त्संग बामियान पाहून पुढे हिंदुस्तानभर फिरला. त्याने वर्णन केलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे आमच्या जिल्ह्यातले भांदक, आजची भद्रावती, असे मत कनिंगहॅमने मांडले होते. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. पण भद्रावतीच्या विजासन टेकडीत लांब भुयारासारखी लेणी आहेत आणि त्यांच्या टोकाला अंधारात बसलेले भव्य बुद्ध आहेत, हे कुणालाही जाऊन पाहता येते. येत्या हिवाळ्यात मुलांना तिथे माहितीपट काढायचा आहे. परवा त्यांनी कामांची यादी करून आणली. मोबाइल चार्ज करणे, काठी, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या, सगळे त्यात होते. यादीतले पहिले काम मात्र वेगळे होते. "टेकडीच्या पायथ्याशी कोण राहते ते आधी विचारायचे." ते आम्ही सांगितलेले नव्हते.